कीटो आहार आणि रक्ताचा रिपोर्ट

नमस्कार मंडळी.

कीटो, म्हणजे अगदी कमी कर्बोदकं आणि जास्त चरबीचा आहार, करावा की करू नये, हा आजचा विषय नाही. जी माणसं वर्ष, दोन वर्षं, काही तर त्याहूनही जास्त काळ हा आहार पाळत आहेत, त्यांच्या रक्ताच्या तपासणीत काय दिसतं आणि ते कसं वाचायचं, एवढंच मला बोलायचं आहे. फिजिशियन म्हणून असे रिपोर्ट माझ्या टेबलावर सतत येतात. त्यातला एखादा रुग्ण ठळक छापलेला आकडा बघून घाबरतो आणि गरज नसताना सगळं सोडून देतो. दुसरा एलडीएल, म्हणजे ज्याला ‘वाईट’ कोलेस्टेरॉल म्हणतात ते, २०० च्या पलीकडे गेलेलं असूनही ‘कीटोवर हे असं वाढतंच’ म्हणतो आणि कागद कपाटात ठेवून देतो. नुकसान दोघांचंही होतं, पण दुसऱ्याचं नुकसान पंधरा-वीस वर्षांनी कळतं. मला त्याची काळजी जास्त वाटते, म्हणून आज माझा बराचसा वेळ त्याच्यासाठी आहे.

आधी शरीरात काय घडतं ते थोडक्यात सांगते. आपल्या रोजच्या जेवणातली साठ टक्क्यांच्या आसपास ऊर्जा पोळी, भात, भाकरी, पोहे, साखर अशा कर्बोदकांतून येते. कीटोमध्ये दिवसभरात साधारण २० ते ५० ग्रॅमच कर्बोदकं घ्यायची असतात. भरलेली एक वाटी भात खाल्ला की जवळजवळ ४० ग्रॅम झाले. एवढं कमी मिळायला लागलं की यकृतातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा, जो जेमतेम १०० ग्रॅमच्या आसपास असतो, एक-दोन दिवसांत रिकामा होतो. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. पहिल्या आठवड्यात वजनाचा काटा झरकन उतरतो तो मुख्यतः या पाण्यामुळे. मग इन्शुलिन खाली येतं, चरबीच्या पेशींतून मेदाम्लं सुटतात आणि यकृत त्यांच्यापासून कीटोन हे पर्यायी इंधन तयार करतं. रक्तातलं मुख्य कीटोन म्हणजे बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट. आहारामुळे ते ०.५ ते ३ मिलिमोलच्या दरम्यान राहतं. मधुमेहातल्या कीटोॲसिडोसिसमध्ये ते त्याच्या कितीतरी पट होतं आणि रक्त आम्लधर्मी होतं. या दोन अवस्थांची गल्लत करू नका. लघवीच्या पट्टीवर येणारा जांभळा रंग ॲसिटोॲसिटेट या वेगळ्या कीटोनचा असतो. पट्टी बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट पकडतच नाही, त्यामुळे पट्टीचा रंग गडद की फिका यावरून फार काही ठरवता येत नाही.

हा आहार समाजमाध्यमांवर जन्मलेला नाही. १९२१ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. रसेल वाइल्डर यांनी तो अपस्मारासाठी, म्हणजे फिट्ससाठी मांडला. औषधांना दाद न देणाऱ्या फिट्स असलेल्या मुलांना तो आजही देतात, आपल्या देशातही देतात. दीर्घकाळ कीटोवर राहिल्यावर काय होतं याबद्दलचं आपलं सगळ्यात जुनं ज्ञान या मुलांकडून आलेलं आहे. त्यांच्यात कोलेस्टेरॉल वाढतं, काहींना मूतखडे होतात, सेलेनियमसारखी सूक्ष्म द्रव्यं कमी पडू शकतात, हाडं आणि उंची यांवर लक्ष ठेवावं लागतं. म्हणून तिथे आहारतज्ज्ञ, ठरलेल्या तपासण्या, पूरक गोळ्या आणि खडे टाळायला पोटॅशियम सायट्रेट अशी सगळी व्यवस्था असते. आपल्याकडे मोबाइलवरचा तक्ता बघून सुरू केलेल्या कीटोला यातलं काहीच नसतं.

आता पडद्यावरचा रिपोर्ट बघा. हा कुणा एका माणसाचा नाही. मी बघते त्या अनेक रिपोर्टांवरून उदाहरणासाठी तो तयार केला आहे. वय ३८, पुरुष, बैठं काम. कीटोआधी वजन ८४ किलो, दीड वर्षानंतर ७० किलो. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा, ६.१ होतं, आता ५.४. यकृताच्या तपासणीतलं एसजीपीटी ६२ होतं, आता २८. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, २१० वरून ६५ वर आलंय. एचडीएल, म्हणजे ज्याला ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल म्हणतात ते, ३८ वरून ७८. इथपर्यंत सगळं मनासारखं आहे, आणि ते खरंखुरं मनासारखं आहे, हे मी मोकळेपणाने म्हणते. यकृतावरची चरबी उतरली की एसजीपीटी उतरतं. कर्बोदकं कमी झाली की यकृत ट्रायग्लिसराइड कमी बनवतं. ज्या माणसाच्या वडिलांना चाळिशीत मधुमेह झाला, त्याच्यासाठी ६.१ चं ५.४ होणं ही मोठी गोष्ट आहे. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठाच्या सहकार्याने झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात टाइप २ मधुमेहाच्या २६२ रुग्णांना देखरेखीखाली कीटो आहार दिला होता. वर्षभर टिकून राहिलेल्यांचं सरासरी एचबीएवनसी ७.६ वरून ६.३ वर आलं, आणि औषधंही बरीच कमी झाली. हे नाकारण्यात अर्थ नाही.

एचबीएवनसीबद्दल मात्र एक गोष्ट सांगितल्याशिवाय मी पुढे जाणार नाही. ही तपासणी लाल पेशींच्या आयुष्यावर अवलंबून आहे. लोहाच्या कमतरतेचा ॲनिमिया असेल तर आकडा खोटा वर दिसू शकतो. थॅलेसीमियाचे वाहक असाल, आणि सिंधी, लोहाणा, कच्छी समाजांत हे प्रमाण बरंच आहे, किंवा विदर्भ-नंदुरबारकडच्या अनेक कुटुंबांत असतो तसा सिकलसेलचा गुण असेल, तर आकडा भलतंच सांगू शकतो. अशा घरांत एचबीएवनसीवर विसंबू नका. घरच्या ग्लुकोमीटरवर जेवणाआधीची आणि नंतरची साखर मोजा.

बरं, याच रिपोर्टमध्ये उपाशीपोटीची साखर १०८ होती ती १०४ झाली आहे. एवढं सगळं करून साखर उतरली कुठे, असं लोक विचारतात. स्नायू चरबीवर चालायला शिकले की ते ग्लुकोज घ्यायला नकार देतात, मेंदूसाठी ते राखून ठेवतात. त्यामुळे सकाळची साखर १०० च्या थोडी वर राहणं दीर्घकाळ कीटोवर असलेल्यांत नेहमी दिसतं. दिवसभराची साखर आणि एचबीएवनसी व्यवस्थित असेल तर त्याची धास्ती नको. पण याच कारणाने कीटोवर असताना ग्लुकोज पिऊन करायची तपासणी फसवते. एकदम ७५ ग्रॅम ग्लुकोज पोटात गेल्यावर शरीर गडबडतं आणि निरोगी माणूसही मधुमेही दिसू शकतो. त्या तपासणीआधी किमान तीन दिवस रोज १५० ग्रॅम तरी कर्बोदकं खायची असतात. लॅबमध्ये हे कुणी विचारत नाही. तुम्हीच सांगा.

युरिक ॲसिड पहिल्या काही आठवड्यांत चढतं, कारण मूत्रपिंडातून बाहेर पडायच्या वाटेवर कीटोन आणि युरेट एकमेकांना अडवतात. बहुतेकांत ते काही महिन्यांत पूर्वपदावर येतं. आधीपासून गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडमुळे सांधे सुजण्याचा आजार, असेल तर मात्र अंगठा सुजण्याची वाट न बघता डॉक्टरांशी आधी बोला. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन ०.९ चं १.१ झालं, तर आदल्या रात्री मटण खाल्लं होतं का ते आधी विचारा. शिजवलेल्या मांसाने ते तात्पुरतं वाढतं. शंका राहिली तर सिस्टॅटिन-सी करा, ते मांसाहारावर अवलंबून नसतं. थायरॉइडच्या रिपोर्टमध्ये टी-३ थोडं कमी आणि टीएसएच अगदी ठीक असं चित्र दिसतं. कर्बोदकं कमी केल्यावर शरीर असंच जुळवून घेतं. त्यावर थायरॉइडची गोळी सुरू करू नये. इन्शुलिन उतरल्यावर मूत्रपिंडं मीठ बाहेर टाकतात, म्हणून सुरुवातीला चक्कर येते, पोटऱ्यांत गोळे येतात. रक्तदाबाची गोळी चालू असणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

आता त्या आकड्यावर येऊ, ज्यासाठी मी इथे उभी आहे.

एकूण कोलेस्टेरॉल १९८ होतं, आता ३१८ आहे. एलडीएल ११८ होतं, आता २२७ आहे.

हा रिपोर्ट घेऊन माणूस कीटोच्या ग्रुपवर विचारतो. तिथून उत्तर येतं: एकूण कोलेस्टेरॉल बघू नकोस, गुणोत्तर बघ. तर आपण गुणोत्तर काढू. आधी १९८ भागिले ३८, म्हणजे ५.२. आता ३१८ भागिले ७८, म्हणजे ४.१. गुणोत्तर सुधारलं! ट्रायग्लिसराइड आणि एचडीएलचं गुणोत्तर तर साडेपाचवरून एकच्याही खाली आलं. माणूस निर्धास्त होतो. आता तोच कागद दुसऱ्या पद्धतीने वाचा. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा. आधी १९८ वजा ३८, उरले १६०. आता ३१८ वजा ७८, उरले २४०. धमनीच्या भिंतीत शिरू शकणाऱ्या सगळ्या कणांतलं कोलेस्टेरॉल मिळून हा आकडा होतो आणि तो दीडपट झाला आहे. गुणोत्तर सुधारलं, ते छेदातला एचडीएल दुप्पट झाला म्हणून. भिंतीवर जाऊन आदळणारा माल कमी झालेला नाही, वाढला आहे. एचडीएल वाढवणारी औषधं देऊन बघितली, त्यांनी हृदयविकाराचे झटके अपेक्षेप्रमाणे कमी झाले नाहीत. एलडीएल उतरवणाऱ्या औषधांनी मात्र ते पुन्हा पुन्हा कमी झालेले दिसले. एलडीएल वाढलं तर एचडीएलने त्याची भरपाई होते, या समजाला म्हणूनच आधार नाही.

आता ‘एलडीएलचे कण मोठे झालेत, फुगीर झालेत, ते निरुपद्रवी असतात’ हे उत्तर. याला एक सोपी तपासणी आहे: ॲपो-बी. प्रत्येक एलडीएल कणावर ॲपो-बी हे प्रथिन एकच असतं. म्हणून ॲपो-बी मोजलं की कणांची संख्या कळते. पाणी किती आलं आणि टँकर किती आले, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रस्ता खराब होतो तो टँकरच्या संख्येने. एलडीएल वाढलं पण ॲपो-बी तसंच राहिलं, असं काही लोकांत खरंच होतं. मघाशी सांगितलेल्या इंडियानाच्या रुग्णांमध्ये एलडीएल सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास वाढलं, ॲपो-बी मात्र जवळपास तिथेच होतं. तेव्हा अंदाज बांधत बसू नका, तपासून घ्या. एलडीएल २२७ असलेल्या सडपातळ माणसाचं ॲपो-बी बहुतेक वेळा वाढलेलंच सापडतं, आणि मग फुगीर कणांची गोष्ट तिथेच संपते.

सडपातळ हा शब्द मी मुद्दाम वापरला. हा फरक गेल्या काही वर्षांत स्पष्ट झाला. २०२४ मध्ये ४१ चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. कमी कर्बोदकांच्या आहारावर ज्यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २५ च्या खाली होता, त्यांचं एलडीएल सरासरी ४० मिलिग्रॅमच्या आसपास वाढलं. ज्यांचा बीएमआय ३५ च्या वर होता त्यांचं वाढलं नाही. म्हणजे जो माणूस कीटोने वजन उतरवून बारीक झाला आणि तरीही तोच आहार तितक्याच कडकपणे चालू ठेवतो, त्याच्या रक्तात दुसऱ्या वर्षी काही वेगळंच दिसू शकतं. आपल्या उदाहरणातला माणूस नेमका तोच. पहिल्या सहा महिन्यांच्या चांगल्या रिपोर्टवर पुढची पाच वर्षं काढता येत नाहीत.

याच संदर्भात तेव्हा हार्वर्डमध्ये वैद्यकशास्त्र शिकत असलेल्या निक नॉर्विट्झ यांनी स्वतःवर केलेला प्रयोग २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. सडपातळ, कडक कीटोवर, एलडीएल ३८४. त्यांनी रोज बारा ओरिओ बिस्किटं खाल्ली, म्हणजे साधारण १०० ग्रॅम कर्बोदकं. सोळा दिवसांत एलडीएल १११ वर आलं. नंतर काही काळ पुन्हा कीटो करून ४२१ असताना रोसुवास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध २० मिलिग्रॅम सहा आठवडे घेतलं, तर ते २८४ पर्यंतच उतरलं. एका माणसावरचा प्रयोग आहे, आणि बिस्किटं खा असं मी मुळीच सांगत नाही. पण सडपातळ माणसात एलडीएलची ही उसळी कर्बोदकांच्या अभावाशी बांधलेली असू शकते, हे त्यातून ठसठशीत दिसतं. म्हणून माझ्याकडे असा रुग्ण आला की मी औषधाची चिठ्ठी लिहिण्याआधी विचारते: एक वाटी डाळ, एखादं फळ, एक छोटी ज्वारीची भाकरी परत आणायला तयार आहात का? बरेच जण तयार होतात. कर्बोदकं रोज ८०-१०० ग्रॅमपर्यंत आली तरी साखर बहुतेकांची नीट राहते, आणि दोन-तीन महिन्यांनी केलेल्या तपासणीत एलडीएलने बरीच माघार घेतलेली दिसते.

दुसरा प्रश्न चरबी कोणती, हा. शाकाहारी मराठी घरातलं कीटो म्हणजे पनीर, चीज, साय, तूप, लोणी आणि कॉफीत घातलेलं खोबरेल. खोबरेल तेलात ८० टक्क्यांहून जास्त संपृक्त मेद असतो, तुपात निम्म्याहून जास्त. संपृक्त मेदाने रक्तातलं एलडीएल उचलणारे यकृतावरचे रिसेप्टर कमी होतात, हे कित्येक दशकांपासून माहीत आहे. त्याऐवजी शेंगदाण्याचं किंवा तिळाचं तेल, अक्रोड, बदाम, जवसाची चटणी आणली, मासे खाणाऱ्यांनी बांगडा आणि तारली खाल्ली, तर कीटो न सोडताही फरक पडतो. कोकणातल्या लोकांना वाईट वाटतं, पण सोलकढीतलं नारळाचं दूध वेगळं आणि रोज चार चमचे खोबरेल पिणं वेगळं. पारंपरिक जेवणात नारळ भात-माशांबरोबर येत होता, ऊर्जेचा मुख्य स्रोत म्हणून नव्हता.

इतकं वाढलेलं एलडीएल खरंच त्रास देतं का? याचं उत्तर द्यायला दीर्घ मुदतीच्या चाचण्या कमी आहेत. युनायटेड किंगडमच्या बायोबँक या आरोग्याच्या मोठ्या नोंदसंग्रहातला एक अभ्यास आहे. कमी कर्बोदकं आणि जास्त चरबी खाणारे ३०५ जण आणि नेहमीचा आहार घेणारे १२२०, पाठपुरावा साधारण बारा वर्षांचा. पहिल्या गटात हृदयरोगाच्या घटना १० टक्क्यांच्या आसपास, दुसऱ्यात ४ टक्क्यांच्या थोड्या वर. पण आहाराची नोंद एकाच दिवसाची होती आणि तो आहार कडक कीटो नव्हता. मी त्यावरून ‘कीटोने हृदयविकार होतो’ असं म्हणणार नाही. एलडीएल धमन्या खराब करतं याचे पुरावे मात्र या एका अभ्यासावर उभे नाहीत. जन्मतःच जनुकांमुळे एलडीएल जास्त असलेली कुटुंबं आहेत, एलडीएल कमी असलेलीही आहेत, आणि औषधांच्या कित्येक चाचण्या आहेत. सगळं एकाच दिशेला बोट दाखवतं: किती जास्त आणि किती वर्षं, यांचा गुणाकार. एलडीएल कीटोमुळे वाढलं असेल तर तेवढं चालतं, असं सांगणारा पुरावा मला आजवर कुणी दाखवलेला नाही.

आणि आपण इथली माणसं आहोत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा २००४ मधला ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातला फोटो वैद्यकीय जगात प्रसिद्ध आहे. शेजारी ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. बाहेरून बारीक, आतून चरबीदार, ही आपली ठेवण. हृदयविकार आपल्याला पाश्चात्त्यांपेक्षा लवकर गाठतो. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४ च्या सूचनांत कमी धोक्याच्या माणसासाठीही एलडीएल १०० च्या खाली ठेवायला सांगितलं आहे. त्यातच लिपोप्रोटीन-ए या एलडीएलसारख्याच कणाची तपासणी प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी करावी असंही आहे. हा आकडा आनुवंशिक असतो, आहाराने फारसा हलत नाही. तो ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर कीटोवर वाढलेलं एलडीएल तुम्हाला इतरांपेक्षा जास्त महाग पडेल. एलडीएल १९० च्या वर असेल तर घरातल्या भावंडांचे आणि मुलांचेही रिपोर्ट बघावेत, कारण तो दोष कीटोच्या आधीपासून कुटुंबात असू शकतो.

हृदयाच्या धमन्यांत साचलेलं कॅल्शियम मोजणारा सीटी कॅल्शियम स्कोअर शून्य आला की लोक सुटकेचा निःश्वास टाकतात. अडतिसाव्या वर्षी शून्य येणं अपेक्षितच असतं. कॅल्शियम नसलेला मऊ थर त्यात दिसत नाही.

तपासणीच्या वेळेबद्दल एक सांगते. वजन झपाट्याने उतरत असताना कोलेस्टेरॉल करू नका, त्या काळातले आकडे डळमळीत असतात. वजन महिना-दीड महिना स्थिर झालं की करा. नेहमीच्या बारा तासांपेक्षा लांब उपास करून जाऊ नका. निर्णय एका रिपोर्टवर घेऊ नका, दोन घ्या.

शेवटी औषधांबद्दल. हा भाग ऐकून घरी जाऊन आईवडिलांच्या गोळ्यांचा डबा उघडा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन ही नावं शोधा. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट आपल्याकडे २०२० मध्ये संपलं, गोळी स्वस्त झाली आणि मधुमेहाच्या कितीतरी रुग्णांना ती आज चालू आहे. औषध उत्तम आहे, हृदयाला आणि मूत्रपिंडाला जपतं. पण ते लघवीवाटे साखर बाहेर टाकतं आणि कीटोन वाढवतं. त्यावर कुणी कीटो आहार सुरू केला, लांब उपास केले, किंवा जुलाब-उलट्यांत खाणंपिणं बंद झालं, तर कीटोॲसिडोसिस होऊ शकतो, आणि तोही साखर फारशी न वाढता. ग्लुकोमीटर १७० दाखवतो, घरचे म्हणतात साखर ठीक आहे, ॲसिडिटी असेल. माणूस मळमळतो, पोटात दुखतं, श्वास खोल आणि भरभर चालतो. अशा वेळी साखरेच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. थेट रुग्णालय गाठायचं, आणि तिथे पहिलं वाक्य हेच सांगायचं की ही गोळी चालू आहे आणि आहार कीटो आहे. रक्तातलं कीटोन आणि ब्लड गॅस, म्हणजे रक्ताची आम्लता, तपासायला सांगा. लघवीच्या पट्टीवर थांबू देऊ नका. ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांना उलटा धोका, साखर एकदम खाली जाण्याचा. त्यांचे डोस आहार बदलायच्या दिवसापासूनच कमी करावे लागतात, रिपोर्ट येईपर्यंत थांबता येत नाही. आणि गर्भवती किंवा अंगावर दूध पाजणाऱ्या आईने कीटो करू नये. तान्ह्या बाळाच्या आईलाही कीटोॲसिडोसिस झाल्याच्या नोंदी आहेत, साखरेचा कुठलाही आजार नसताना.

आता तुमचे प्रश्न घेऊ. रिपोर्ट बरोबर आणले असतील तर नाव झाकून पुढे द्या.